तिने मान हलवली

ओल्डेनबुर्ग, ८ मार्च १९८१

आईस,

नाताळची कार्डं सोडली तर चार वर्षांत मी तुला काही लिहिलेलं नाही. तेव्हा हे पत्र कामाचं आहे, हे तू पाकीट फोडण्याआधीच ओळखलं असशील.

काम असं. आजी गेल्यावर तिचे कागद तू बर्गनला नेलेस. त्यांत १९२१ सालची एका डॉक्टरची चिठ्ठी असण्याचा संभव आहे. आल्विने मावशीला दोन वर्षांची असताना स्कार्लेट ताप आला आणि त्यात तिचे कान गेले, असं आजी सांगायची. ते लेखी असेल तर मला हवं आहे. मूळ कागद पाठव, नक्कल नको. रजिस्टर्ड टपालाने पाठवलंस तर बरं.

कशासाठी, ते सांगायला हवं. हिटलरच्या काळातल्या त्या कायद्याखाली ज्यांची सक्तीने नसबंदी केली, त्यांना सरकार आता अर्ज करू देतं आहे. मावशीने गेल्या वर्षी अर्ज केला, हिनरिक काकांनीही केला, नवराबायको दोघांनी. काकांचा सहा आठवड्यांत मंजूर झाला, कारण त्यांच्या जुन्या कागदावर 'पोलिसांकरवी हजर केले' असं लिहिलेलं आहे. मावशीला उत्तर आलं ते असं: 'अर्जदाराची शस्त्रक्रिया १९३५ साली तिच्या स्वतःच्या इच्छेने झाल्याचे दिसते. सक्ती सिद्ध होत नाही.' खाली सही, शिक्का.

मावशी तेव्हा सोळा वर्षांची होती आणि मूकबधिरांच्या शाळेच्या वसतिगृहात राहत होती. यापुढचं मी लिहीत नाही, कारण तुला किती माहीत आहे ते मला माहीत नाही.

मी यात कशी, असं तुला वाटेल. लेअरला बहिऱ्यांचं मंडळ आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी सगळे जमतात. मी सहा वर्षांपासून तिथे जाते. हे तुला आजच सांगते आहे. गेल्या ऑक्टोबरात मंडळाच्या अध्यक्षांनी खोलीतला दिवा दोनदा बंद-चालू केला, सगळ्यांनी माना वर केल्या आणि त्यांनी सरकारी पत्रक खुणांनी वाचून दाखवलं. मग विचारलं, "इथे कुणाकुणाला कापलं होतं?" ते लोक हाच शब्द वापरतात.

मग खिडकीजवळच्या एका म्हाताऱ्या बाईंनी हात वर केला. मग त्यांच्या शेजारणीने. मग एकेक करत हात वर जायला लागले. मी मोजले. एकोणीस. साठीपुढचं त्या खोलीत जे कोणी होतं, ते जवळजवळ सगळेच. ही माणसं चाळीस वर्षं एका टेबलावर पत्ते खेळली, एकमेकांच्या लग्नांत नाचली, आणि कुणाच्याच घरी मूल कसं नाही हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं. आता ती एकमेकांच्या वर गेलेल्या हातांकडे बघत होती. कुणी रडलं नाही. हात मात्र बराच वेळ खाली आले नाहीत.

मी कानांची यंत्रं जुळवणारी बाई आहे. अशा वेळी काय करायचं असतं ते मला कळत नाही. मी उठून उभी राहिले. का, ते सांगता येणार नाही. बसून राहणं जमेना, एवढंच.

चिठ्ठीची वाट बघते.

वीब्के


ओल्डेनबुर्ग, १२ एप्रिल १९८१

आईस,

चिठ्ठी मिळाली. बरोबर एक ओळही नव्हती, पण दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून नीट पाठवलीस. 'स्कार्लेट ताप, दोन्ही कानांतून पू, श्रवणशक्ती परत येण्याची आशा नाही.' तारीख, डॉक्टरची सही, सगळं आहे. याहून चांगला पुरावा मिळणं शक्य नव्हतं.

तरीही ती मी तुला परत पाठवते आहे. का, ते तुला कळायला हवं.

मंडळाचे वकील चिठ्ठी बघून खूश झाले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. तो कायदा आनुवंशिक दोषांसाठी होता. मावशीचा बहिरेपणा तापाने आलेला, म्हणजे तिची शस्त्रक्रिया त्यांच्याच कायद्याने बेकायदेशीर ठरते. मग संमतीचा प्रश्नच उरत नाही. मी माझ्याकडून मावशीचे कान तपासून आलेखही जोडला. एकशेवीस डेसिबलपर्यंत काही नाही. त्यापुढे यंत्र जात नाही.

रविवारी हे सगळं घेऊन लेअरला गेले. तुला त्यांचं स्वयंपाकघर आठवतं का, ते मला माहीत नाही. अजून तसंच आहे. बोलण्यासाठी उजेड लागतो म्हणून पडदे नाहीत. काका टेबलाच्या एका टोकाला कुणाच्या तरी बुटाला हातोडीने नवा तळ बसवत होते. मावशीने चहा ओतला. ओतताना ती दुसऱ्या हाताची दोन बोटं कपाला लावून ठेवते, गरम चहाने तळाची खडीसाखर तडकते ती तिला बोटांना कळते. ती तडकल्याशिवाय ती साय घालत नाही.

मी कागद पुढे ठेवले आणि समजावून सांगितलं. माझ्या खुणा अजून कच्च्या आहेत. काका म्हणतात, मी हातांनी तोतरं बोलते. मावशीने एकेका शब्दाखाली बोट फिरवत चिठ्ठी वाचली. मग विचारलं,

"म्हणजे मी आजाराने बहिरी."

हो, म्हटलं.

"म्हणून माझ्यावर अन्याय झाला."

हो.

तिने अंगठ्याने काकांकडे दाखवलं. "आणि हा? हा जन्माचा बहिरा. याची आई बहिरी, आजोबा बहिरे. याचं केलं ते मग बरोबर केलं?"

मी म्हटलं, तसं कुणी म्हणत नाही, ही फक्त अर्जाची बाजू आहे. काकांनी हातोडी खाली ठेवली. त्यांना गंमत वाटत होती. "हिला चुकून कापलं, मला बरोबर कापलं," ते म्हणाले. "चला, घरात एक तरी काम नियमाप्रमाणे झालं." मावशीने त्यांच्या हातावर चापट मारली, म्हणजे त्यांचं बोलणंच बंद केलं. मग चिठ्ठीची घडी जुन्या घडीवरच घातली आणि माझ्या हातात दिली. तुझं नाव घेतलं: "थेडाला परत पाठव. आईने एवढी वर्षं जपली होती."

मी आठ वर्षं या धंद्यात आहे. कुठला कान किती ऐकतो, ते मी एका डेसिबलपर्यंत सांगू शकते. माझ्याकडे आलेख होता, चिठ्ठी होती, वकील होते. मावशीला त्या शाळेत ओठांचे आकार सोडून धड काही शिकवलेलं नाही. ती जन्मभर दुसऱ्यांचे कपडे शिवत आली. तिने एक प्रश्न विचारला. परतताना गाडी चालवत असताना मी त्याचं उत्तर शोधत होते. अजून सापडलेलं नाही, आणि ते नसावं असं मला वाटायला लागलं आहे.

चिठ्ठी सोबत आहे.

वीब्के


ओल्डेनबुर्ग, ३ जून १९८१

आईस,

हे पत्र मी मावशीला न सांगता लिहिते आहे. तिने नको म्हटलं होतं.

मी १९३५ सालची तिची फाइल मागवली होती. ती दप्तरखान्यात शाबूत निघाली. सत्तावीस पानं. सातव्या पानावर जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयातल्या भेटीची नोंद आहे. जशीच्या तशी देते:

'मुलीशी थेट संवाद शक्य नाही. आई आजारी. दहा वर्षांच्या धाकट्या बहिणीकरवी शस्त्रक्रिया समजावून सांगितली. मुलीने मान हलवून संमती दिली. अर्ज तिच्या वतीने भरून घेतला.'

आजीला दोनच मुली होत्या.

मी तुझ्यावर काही आरोप करत नाही. मी फक्त पान वाचलं. ते वाचून झाल्यावर बाकीची वीस पानं वाचायला मला तीन दिवस लागले.

आता मान हलवण्याबद्दल. तुला माहीत असेल, पण वकिलांना माहीत नव्हतं, मलाही इतकं नीट माहीत नव्हतं. त्या शाळेत खुणा करायला बंदी होती. मुलांना हातांवर बसवत असत. शिक्षकांच्या ओठांवरून समजून घ्यायचं, नाही समजलं तर छडी. मुलं एक गोष्ट मात्र लवकर शिकली: मान हलवली की समोरचा गप्प होतो आणि निघून जातो. मंडळातले सगळे म्हातारे हे अजून करतात. डॉक्टरसमोर, पोस्टात, दुकानात. मावशीने एकदा खाटकासमोर तीनदा मान हलवली आणि चार किलो कलेजी घेऊन घरी आली. काका आठवडाभर कलेजी खात होते आणि रोज तिला विचारत होते की खाटकाने लग्नाचं तर विचारलं नाही ना. दोघंही हे हसत हसत सांगतात.

ते पान मी मावशीला दाखवलं. तिने ते पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. मी विचारलं, आईने तुला काय सांगितलं होतं? ती म्हणाली, "ती लहान होती."

मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "तिला एकदा त्या टेबलासमोर उभं केलं होतं. परत करायचं नाही. अर्ज फेटाळला तर फेटाळू दे." मग ती उठून कपडे वाळत घालायला गेली. ती पाठमोरी झाली की बोलणं संपतं, हे तुला ठाऊक आहे.

वकिलांचं म्हणणं असं: कागदावर संमती आहे. त्या खोलीत तेव्हा असलेल्यांपैकी मावशी सोडून एकच माणूस आज जिवंत आहे. तिला खरं सांगितलं होतं की नाही, हे ते माणूस सांगू शकतं. दुसरा मार्ग नाही.

मावशीला काय हवं आहे, ते लिहिते, म्हणजे तुझा गैरसमज होणार नाही. पैसे तिने मंडळाला देऊन टाकायचं आधीच ठरवलं आहे. तिला तिच्या नावापुढचं 'स्वतःच्या इच्छेने' काढून हवं आहे. ती गेल्यावर त्या कागदात ते राहू नये. एवढंच.

वीब्के


ओल्डेनबुर्ग, ३० ऑगस्ट १९८१

आईस,

तुझं कार्ड मिळालं. 'मी दहा वर्षांची होते. मला यात ओढू नकोस.' दोन वाक्यं. दोन्ही खरी आहेत. मी दुसऱ्यांदा विचारणार नाही.

एक गोष्ट मात्र लिहायची राहून गेली होती, ती या निमित्ताने लिहिते. मी सात वर्षांची असताना आपण दर रविवारी मावशीकडे जेवायला जायचो. एका रविवारी मी तिला विचारलं होतं, खुणांनी, की तुला मुलं का नाहीत. तू माझे हात धरून खाली दाबलेस. त्यानंतर आपण तिच्याकडे गेलो नाही आणि घरात मी हात हलवले की तू म्हणायचीस, "हात मांडीवर." मी बारा वर्षं समजत होते की माझ्या प्रश्नाने मावशीचं मन दुखावलं आणि म्हणून जाणं बंद झालं. एकोणीस वर्षांची झाल्यावर मी एकटी तिच्याकडे गेले ती माफी मागायला. तिला तो प्रश्न आठवतही नव्हता. तिला वाटत होतं की तुला तिची लाज वाटते, मुलीसमोर बहिरी बहीण नको असेल.

मी परत येऊन तुझ्याशी भांडले, ते यावरून. तेव्हा मी जे बोलले त्यातलं निम्मं मी आज बोलले नसते. निम्मं बोललेच असते.

फेरसुनावणी १४ ऑक्टोबरला सकाळी साडेदहा वाजता आहे, दुसरा मजला, खोली २०९. हे कळवते आहे, बोलावत नाही. दुभाष्याचं काम मीच करणार आहे. कार्यालयाने दुसऱ्या कुणाची व्यवस्था केलेली नाही.

वीब्के


ओल्डेनबुर्ग, १६ ऑक्टोबर १९८१

आई,

तू थांबशील असं मला वाटलं होतं. सही करून मी बाहेर आले तेव्हा कॉरिडॉर रिकामा होता. मी जिन्यापर्यंत धावले. मग परत फिरले, कारण मावशी आणि काका आत दुभाष्याशिवाय होते.

तू मागे बसली होतीस, तिथून तुला सगळं दिसलं नसेल. म्हणून लिहिते.

तू आत आलीस ते मला दिसलं नाही. मावशीलाही नाही. आम्ही सुनावणी घेणाऱ्या ब्रून्स साहेबांकडे तोंड करून बसलो होतो. माणूस वाईट नव्हता. मावशीला त्यांनी स्वतः खुर्ची दिली. पण मिशी अशी की वरचा ओठ पूर्ण झाकलेला. काका माझ्या कानात कुजबुजत होते, म्हणजे डोळ्यांच्या कोपऱ्यात खुणा करत होते: "या मिशीमागे तोंड असल्याचा पुरावा सादर करायला सांग."

वीस मिनिटं ठीक चाललं. मग साहेबांनी वैद्यकीय दाखल्याचा क्रमांक मागितला. तो माझ्या फाइलमध्ये मागे होता. मी दोन्ही हातांनी पानं उलटत होते. माझे हात अडकले होते आणि नजर खाली होती, जास्तीत जास्त दहा सेकंद. तेवढ्यात ते मावशीकडे वळले आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाले की या वयात तुम्हाला हा त्रास नको, जुन्या नोंदीवरच हे प्रकरण मिटवून टाकूया का?

मावशीने त्यांच्याकडे बघून स्मित केलं आणि मान हलवली.

मी मान वर केली तेव्हा टायपिस्टने ओळ टाइप करायला घेतली होती. मला कळेना, असं कसं झालं. मी चार महिने तिला एकच सांगत होते: समजलं नाही तर मान हलवायची नाही. तिने कबूल केलं होतं. आदल्या दिवशी आम्ही सरावही केला होता.

तेव्हा मागून तुझा आवाज आला.

"तिला काही कळलेलं नाही."

साहेबांनी विचारलं, आपण कोण?

"मी तीच," तू म्हणालीस. "तुमच्या कागदातली धाकटी बहीण."

सगळे मागे बघायला लागले, ते बघून मावशी वळली. तू उभी होतीस, कोट अंगावरच होता, आणि हात छातीपर्यंत वर आणले होतेस. तू तिला काहीतरी म्हणालीस. तीन-चार खुणा. त्या मला कळल्या नाहीत. मंडळात तशा कुणी करत नाही. लहानपणी तुम्ही दोघींनी घरी तयार केलेल्या असाव्यात. एकवीस वर्षं न वापरलेले हात इतके अचूक चालतात, यावर कुणी सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता. मावशीने त्याच खुणेत उत्तर दिलं. मग तिने साहेबांकडे तोंड केलं आणि मान नकारार्थी हलवली, एकदाच, जोरात. टायपिस्टने कागद मशीनमधून ओढून काढला.

तुझी जबानी मी ऐकली. मी ती मावशीला सांगायला लागले तर साहेब म्हणाले, एका वेळी एकच, हातवाऱ्यांनी टायपिस्टचं लक्ष जातं. म्हणून मला हात खाली ठेवावे लागले. तू जे बोललीस ते मावशीपर्यंत अजून पोचलेलं नाही. तिला फक्त तू दिसलीस. तू म्हणालीस ते असं:

डॉक्टर म्हणाले, हिला सांग की गळ्याचं छोटं ऑपरेशन आहे, दोन दिवसांत घरी. मला ठाऊक होतं गळ्याचं नाही, दाराबाहेर बसले असताना मी त्यांचं बोलणं ऐकलं होतं. तरी मी तेच सांगितलं. तिने मान हलवली. मग त्यांनी मला लिंबाची गोळी दिली. आणि मी ती खाल्ली.

आई, मी हे शब्द बदललेले नाहीत. तू 'आणि मी ती खाल्ली' म्हणालीस तेव्हा टायपिस्टने विचारलं, हेही घ्यायचं का? तू म्हणालीस, "तेच घ्या." तू कुणाकडे न बघता, आवाज न चढवता बोलत होतीस. मी तुझी मुलगी आहे आणि अठ्ठावीस वर्षांत तुला पहिल्यांदा बघते आहे, असं मला वाटलं.

निकाल टपालाने येईल.

वीब्के


ओल्डेनबुर्ग, २९ नोव्हेंबर १९८१

आई,

निकाल आला. नक्कल सोबत आहे, तुझं नाव चौथ्या परिच्छेदात आहे. 'संमती फसवणुकीने मिळवलेली असल्याने ग्राह्य नाही. शस्त्रक्रिया सक्तीची होती.' मावशीने त्या वाक्याखाली नखाने रेघ ओढली, पेन्सिल लावू दिली नाही. शेवटी आणखी एक वाक्य आहे, तेही वाच. कायद्यात 'राजवटीच्या छळाचे बळी' अशी जी व्याख्या आहे, तिच्यात ही माणसं बसत नाहीत. जे दिलं आहे ते कष्टांची दखल म्हणून. काकांच्या कागदातही तेच होतं, तेव्हा आमचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं. मावशीने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "बसत नाही तर बसवा म्हणावं." आता एकोणीस जणांच्या सह्यांचा अर्ज जाणार आहे. मसुदा मी लिहिते आहे. तिसऱ्यांदा लिहिते आहे, कारण मावशीला 'विनंती' हा शब्द नको आहे.

पण हे पत्र त्यासाठी नाही.

निकालाला तुझी जबानी जोडलेली होती. मावशी म्हणाली, वाचून दाखव. आज दुपारी, स्वयंपाकघरातच. मी वाक्य वाक्य घेऊन खुणांनी सांगायला लागले. 'गळ्याचं ऑपरेशन' इथे आले तेव्हा तिने माझा हात धरला.

"कुणाला सांगितलं?"

तुला, म्हटलं. आरोग्य कार्यालयात. आईने.

तिने मान हलवली, नकारार्थी. "मला कुणी गळ्याचं सांगितलं नाही."

मी पान पुन्हा वाचलं. ती तेच म्हणाली. मोजमाप अनपेक्षित आलं तर मी ते पुन्हा घेते, म्हणून मी तिसऱ्यांदा विचारलं, वेगळ्या शब्दांत. ती माझ्यावर वैतागली. मग तिने कप बाजूला सारून हातांना जागा केली आणि सांगितलं. मी जसं दिसलं तसं लिहिते.

शाळेच्या बाई सोबत आल्या होत्या. त्या तुझ्या मागे उभ्या होत्या आणि त्यांनी तुझी दोन्ही मनगटं धरून ठेवली होती. हातवारे नकोत, तोंडाने बोल, म्हणून. तू तोंडाने बोलत होतीस. तू रडतही होतीस, आणि रडणाऱ्या तोंडावरून काही वाचता येत नाही, ओठ वाकडे होतात. मावशीला एक शब्द कळला नाही. डॉक्टर कोण, कशासाठी आलो, काहीच नाही. काय झालं ते तिला वर्षभराने वसतिगृहातल्या मोठ्या मुलींनी सांगितलं. त्या खोलीत तिला दिसत होतं ते एवढंच, की तुला धरून ठेवलं आहे.

तू सांगितलेलं खोटं तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, आई. तू ते सांगितलंस हे तिला आज कळलं.

मग मान का हलवलीस, मी विचारलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे विचारायची गरजच नव्हती.

"मी मान हलवली की थेडाला सोडतील, असं वाटलं."

काका बूट हातात धरून बसून राहिले होते. मावशी तुझ्या जबानीच्या कागदाकडे बघत होती. मग म्हणाली,

"आणि सोडलं. दार उघडंच होतं. पळत सुटली, मागे बघितलं नाही. मला इतकं बरं वाटलं."

वीब्के